बाँडरला लावलेलं कुंकू

समाधान ढोबळे हा माणूस आपल्या नावाला कधी जागला नाही. कशाचीच त्याला खात्री नसायची. गॅस बंद केला की नाही हे बघायला तो पुनावळ्याच्या खोलीचा जिना पुन्हा चढून यायचा आणि बायको, वर्षाली, कपाळावर हात मारून घ्यायची. धाराशिवकडून आल्यापासून उमेदीची सगळी वर्षं त्यानं चाकणच्या फोर्जिंगमध्ये, तापलं लोखंड ठोकणाऱ्या घणापुढं काढली. कान गेले, कंबर गेली. मग महाळुंग्यातल्या एका लहानशा कंपनीनं त्याला क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या बंद खोलीत, कामाला घेतलं. त्यांना असाच काळजीखोर माणूस हवा होता.

कंपनी गाड्यांच्या रडारचे फिल्टर बनवायची. सिलिकॉनच्या पातळ चकतीत जेमतेम दिसतील अशा नाल्या कोरायच्या, आतून सोन्याचा मुलामा द्यायचा आणि तशीच दुसरी चकती वर ठेवून दाबून जोडायची. त्या बंद नालीतून रडारची हवी तेवढीच लहर पुढं जाते. आत धुळीचा कण राहिला तर चकत्या नीट मिटत नाहीत आणि फिल्टर वाया जातो. म्हणून आत जाताना बायका टिकलीसुद्धा काढून ठेवत. चकत्या जोडणारं यंत्र, बाँडर, समाधानच्या ताब्यात होतं.

त्या वर्षी कंपनीचा जीव एका लॉटवर टांगलेला होता. मोठ्या गिऱ्हाइकानं नमुने मागवले होते. पास झाले तर ऑर्डर, नाहीतर कंपनीला कुलूप. मालक प्रज्वल सरांनी सगळ्यांना बसवून हे सरळ सांगितलं होतं.

नेमकी त्या लॉटच्या मध्येच खंडेनवमी आली. आत हळदकुंकू चालत नाही, म्हणून इंजिनिअर तेजल मॅडमनी बाँडरचा फोटो छापून आणला, बाहेर टेबलावर ठेवला, हार घातला, पेढे वाटले. पोरीचा हेतू चांगलाच होता हो. पण समाधाननं पेढा तोंडात न घालता खिशात टाकला. हार घातलेला फोटो कुणाचा असतो? गेलेल्या माणसाचा. चालत्या यंत्राला, तेही असल्या घडीला, हे करायचं? फोर्जिंगमध्ये तर प्रत्यक्ष घणाला कुंकू लागायचं, तेव्हा कुठं काम सुरू व्हायचं.

आता या शहाण्याला काय म्हणावं? सगळं ठाऊक होतं त्याला. तरी चिमूटभर कुंकू त्यानं कागदाच्या पुडीत घेतलं, पांढऱ्या झग्याच्या आत दडवून नेलं आणि बाँडरच्या मागच्या अंगाला बोट टेकवलं. ‘सांभाळ बाबा,’ एवढंच म्हणाला. मग घाबरून लगेच पुसूनही टाकलं. पुसलं म्हणूनच ते उडालं. नुसतं लावून सोडलं असतं, तर कदाचित निभावलं असतं.

नमुने नापास झाले. परत आलेला एक फिल्टर तेजलनं उघडला, मायक्रोस्कोपखाली धरला आणि समाधानला बोलावलं. नालीच्या काठावर तांबडा कण बसला होता.

“कुंकू आहे का हे, समाधानभाऊ?”

“हाय. म्याच लावलं, मॅडम.”

तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “कुणाला सांगू नका. लॉट गेला तो गेला. लोक तुम्हाला जन्मभर बोलतील.”

“मग तुमी तरी बोला की.”

तिला तेही जमलं नाही. तिनं मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला आणि उठून गेली. शिव्या घातल्या असत्या तर बिचाऱ्याला घास तरी गिळता आला असता.

कंपनीच्या शेवटच्या दिवशी सगळे गेटपाशी घुटमळत होते. सोन्याचा मुलामा देणारा धोंडीबा महाळुंग्याचाच. जमीन कधीच कारखान्यांखाली गेलेली, आणि या वयात त्याला दुसरीकडं कोण उभं करणार होतं? तो समाधानपाशी आला आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

“भाऊ, तुमी जेवढं जपलं ना त्या लॉटला, तेवढं आमी कुणीच न्हाई जपलं. नशिबानंच दगा दिला, दुसरं काय. तुमी मनाला लावून घेऊ नका.”

समाधानचं तोंड उघडलं आणि मिटलं. याला रडू आवरेना, असं धोंडीबाला वाटलं. त्यानं आपल्या उपरण्याच्या टोकानं समाधानचे डोळे पुसले, आणि समाधाननं ते पुसून घेतले.