तात्यांच्या वहीतला कळंबचा गडी

तात्या माणसांना आजाराच्या नंबराने ओळखत. बारामतीच्या दवाखान्यात ते नोंदीचे कारकून होते आणि मी कंपाउंडर. सरकारकडून आजारांची एक छापील यादी आली होती, प्रत्येक आजाराला एक नंबर. ती त्यांना तोंडपाठ. पिंपळीची एखादी म्हातारी दारात दिसली की तात्या विचारत, "या आठ नंबर, खोकला हाय का गेला?" म्हातारीही खुशाल "हाय की" म्हणत आत यायची.

लोक हसत, पण नंबर चुकला की तात्यांचा पारा चढे. गावोगावचे पाटील मृत्यूच्या नोंदीत सरसकट 'ताप' लिहून मोकळे होत, त्याने त्यांच्या अंगाची लाही लाही व्हायची. "बैलानं भोसकला तरी ताप! आरं, मेलेल्या माणसाला निदान त्याचा खरा आजार तरी द्या!" मी एकदा कंटाळून सांधेदुखीच्या बाईला हिवतापाच्या रकान्यात टाकलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही काही कमी नव्हतो, तिसऱ्या दिवशीच रकाना दुरुस्त केला.

त्या काळी रोगी न येताच औषध न्यायची रीत होती. लांबच्या गावाहून कुणी भाऊबंद येई, घरच्याचं दुखणं सांगे, आणि डॉक्टर ऐकून औषध देत. तसा कळंबचा एक गडी आमच्या वहीत होता. "माझा पाव्हणा हाय," म्हणून त्याचं मलम तात्याच नेत. कमरेखाली, कुल्ल्याच्या वरच्या अंगाला गळू. दर पंधरा दिवसांनी तात्यांच्या सुबक अक्षरात तीच नोंद. ते गळू पिकत नव्हतं, फुटत नव्हतं, ठणकतही नव्हतं. डॉक्टरांनी शेक द्यायला सांगितलं. बघता बघता नऊ महिने झाले.

शेवटी डॉक्टर वैतागले. "नऊ महिने न पिकणारं गळू मी जन्मात पाहिलं नाही. त्या माणसाला समोर आणा."

तात्यांनी लेखणी खाली ठेवली. उठून पडद्याआड गेले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "या साहेब. आलाय गडी."

आम्ही आत गेलो. तात्या धोतर सैल करून भिंतीकडे तोंड करून उभे होते. कमरेच्या हाडाशी नारळाएवढी गाठ होती. मी हादरलोच. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस, आणि मला पत्ता नव्हता! डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि लगेच पुण्याच्या इस्पितळात जायला सांगितलं.

"तात्या, तुम्ही? तुम्ही खोटी नोंद केलीत?" मी ओरडलो.

"गळू म्हणलं की बरं हुतं, कंपौंडर. दुसरं काय लिवलं असतं, तर साहेबांनी तवाच पुण्याला धाडलं असतं. मला भ्या वाटलं."

पुण्याला गाठीचा तुकडा काढून तपासला. तात्या परतले ते चिठ्ठी घेऊनच. कॅन्सर. हाडाचा नाही, आतड्याचाही नाही. कमरेच्या हाडांमधल्या मऊ मांसाचा. तो आतवर पसरला होता, आता कापण्यात अर्थ नव्हता. लवकर आले असते तर कदाचित काढता आला असता, असंही चिठ्ठीत होतं.

आमच्या यादीत तोंडाचा, पोटाचा, गर्भाशयाचा कॅन्सर होता. ह्याला रकाना नव्हता. तात्यांनी वही मागितली. 'इतर जागचा' हा नंबर घातला आणि शेजारी बारीक अक्षरात जागा लिहिली. मग मागची पानं काढून एकेक 'गळू' तांबड्या शाईने खोडलं आणि कळंबच्या गड्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं. मला त्यांचा भयंकर राग येत होता आणि रडूही येत होतं.

"आता बराबर हाय," ते म्हणाले आणि वही मिटली.

तीन महिन्यांनी वडगाव निंबाळकरला, आपल्या घरी, ते गेले. पाटलाने 'ताप' लिहू नये म्हणून मी पुण्याची ती चिठ्ठी घेऊन गेलो. ओसरीवर पाटलाला एकेक शब्द सांगून लिहायला लावला. पाटील निघून गेल्यावर दाराआडून तात्यांची बायको पुढे आली.

"कॅन्सर म्हंजी काय वो, भावजी? मला तर गळू म्हणलं हुतं त्येंनी."

मला ठाऊकच नव्हतं! वहीतली प्रत्येक ओळ दुरुस्त करणाऱ्या माणसाने घरी बायकोला शेवटपर्यंत खोटंच सांगितलं होतं.

"मी रोज शेकायची," ती म्हणाली. "जवसाचं पोटीस, चांगला चटका बसंस्तवर. लवकर पिकावं म्हणून. त्यानंच वाढलं का वो?"

"नाही, वहिनी. ही गाठ शेकण्याने वाढत नाही."

तिने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिला ते पटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

"वरडायचे वो ते," ती म्हणाली. "आन् मी म्हणायची, जरा कळ काढा. ठावं असतं तर चटकं दिलं नसतं. नुसता हात फिरवला असता."