खोलीत चार

"सरका रे जरा, जागा होते," हे चाचांचं ठरलेलं वाक्य. हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजवत ते खोलीच्या दारात उभे राहायचे, मागे नव्यानं आलेला एखादा मजूर बॅग छातीशी धरून उभा असायचा, आणि आतली माणसं मुकाट्यानं सरकायची.

कतारमध्ये, दोह्याबाहेर आमच्या कंपनीचा कामगार कॅम्प होता, त्याचे ते प्रमुख. वर्ल्डकप जवळ येत चालला होता, स्टेडियमचं छप्पर रखडलं होतं आणि विमानं भरभरून माणसं येत होती. चौघांच्या खोलीत दुमजली खाटा टाकून आठ जण झोपत. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. बायकोशी कोकणीत, मजुरांशी हिंदीत आणि माझ्याशी मात्र शाळेत शिकलेल्या मराठीत बोलायचे. बारावीतली मुलगी त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची, त्याचं त्यांना कोण कौतुक. मी त्याच कंपनीत कागदपत्रं सांभाळणारी पुण्याची बाई, म्हणजे सहसा कुणाला चांगलं न म्हणणारी. पण दोह्यातल्या अल मुंतझा भागात त्यांच्या घरी एकदा माशाचं कालवण खाल्लं आणि माझं तोंड बंद झालं.

छपराचे पोलादी दोर फिनलंडची एक कंपनी पुरवत होती. तिथल्या मालकीणबाईंनी अट घातली की आमचं छप्पर चढवणारी माणसं कशी राहतात, ते त्यांना सांभाळणाऱ्याच्याच तोंडून ऐकायचंय. त्याशिवाय पुढचा माल नाही. मग आमचे जनरल मॅनेजर, म्हणजे साहेब, चाचांना घेऊन निघाले. दुभाषी म्हणून मी. हेलसिंकीहून पुढं जेमतेम पाऊण तासाचं विमान होतं, तरी साहेबांनी तिकिटं बिझनेस क्लासची काढली. चाचांनी शेजाऱ्याचा कोट उसना आणला होता. त्याच्या बाह्या त्यांना बोटांपर्यंत येत होत्या.

बिझनेस क्लास म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जे येतं, तसलं तिथं काही नसतं. खुर्च्या मागच्यांसारख्याच अरुंद. फक्त तिघांतली मधली रिकामी ठेवतात आणि मागं पडदा ओढतात. मी खिडकीशी, चाचा कडेला. मधे कुणीतरी येणार म्हणून ते अंग चोरून बसले होते. कुणी येत नसतं, या रिकाम्या जागेचेच पैसे घेतात, असं मी सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. मग पडद्याच्या फटीतून त्यांना मागची एक बाई दिसली, मांडीवर झोपलेलं दांडगं पोर घेऊन अवघडलेली. एसटीत करतात तसा हात करून त्यांनी तिला बोलावलं, मधल्या खुर्चीवरची माझी पर्सही उचलली. ती बिचारी उठलीसुद्धा. हवाईसुंदरीनं गोड हसून तिला परत बसवलं आणि पडदा नीट ओढून घेतला.

"जागा असून बसू देत नाहीत," चाचा म्हणाले. "आपण नसून बसवतो."

पुढच्या रांगेतून साहेब वळले. तिथं विचारलं तर खोलीत चार जण म्हणून सांगायचं, असं त्यांनी हिंदीत बजावलं. लेकीची परीक्षा जवळ आली असेल ना, अशी चौकशीही केली. व्हिसा कंपनीच्या हातात असला की अशी चौकशी पुरते.

मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. मी रात्ररात्र बसून केलेले रंगीत तक्ते त्यांनी उघडलेही नाहीत. एका खोलीत किती जण झोपतात, एवढंच त्यांनी चाचांना विचारलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"फोर," ते म्हणाले.

बाई उठून आल्या, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे म्हणाल्या. हे मराठीत सांगायचं काम माझं होतं. परतीच्या विमानात चाचांनी कॉफीला हात लावला नाही. बाईंनी दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही, एवढंच ते दोनदा बोलले.

पुढं त्यांनी जे केलं ते त्यांनाच सुचावं. कॅम्पच्या मागं एक नवी इमारत तयार होती, पुढच्या कंत्राटासाठी कुलूप घालून ठेवलेली. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, चाचांनी ती उघडली आणि जुन्या खोल्यांतल्या वरच्या खाटा काढायला लावल्या. माणसं डोक्यावर गाद्या घेऊन वऱ्हाडासारखी हसत-खिदळत निघाली. त्या दिवसापासून सगळ्या कॅम्पात खोलीला चार झाले.

साहेबांना कळायला आठवडा लागला. कुणाला विचारून केलंस, म्हणून ते कडाडले. चाचा म्हणाले, "साहेब, आप ही तो बोले थे. चार."

खलास. नोकरी गेली, व्हिसा गेला, आणि त्यांच्या व्हिसावर राहणारी बायको आणि मुलगीही निघाली. परीक्षा काही आठवड्यांवर होती. साहेब माफीनाम्यावर भागवायला तयार होते. मी तो टाइप करून अल मुंतझाला घेऊन गेले. बायको रडत होती, मुलगी आतल्या खोलीत दार लावून बसली होती. नुसती सही करा, मी हात जोडले.

"माफी कशाची मागू, मॅडम? खोटं बोललो त्याची, की ते खरं केलं त्याची?"

मला त्यांचा राग आला. अजूनही येतो. एका सहीनं पोरीचं वर्ष वाचलं असतं. विमानतळावर ती बापाशी बोलली नाही, ना इंग्रजीत ना कोकणीत. ते गेले आणि वरच्या खाटा परत चढल्या, नव्या इमारतीला परत कुलूप लागलं.

थंडी पडल्यावर मालकीणबाई स्वतः पाहायला आल्या. आदल्या दिवशी वरच्या खाटा ट्रकमध्ये भरून मागं नेल्या होत्या, आणि सकाळी निम्मी माणसं बसमध्ये घालून दुखानच्या किनाऱ्यावर पिकनिकला पाठवली होती. पिकनिकला जाऊन करायचं काय, असं त्यांतल्या एकानं मला विचारलं होतं. बाई खोल्यांमधून फिरल्या, समाधानानं मान हलवली. मग ते गृहस्थ कुठं आहेत म्हणाल्या. रजेवर गावी गेलेत, साहेबांनी सांगितलं.

संध्याकाळी बाई गेल्यावर मी फाटकाशी उभं राहून रत्नागिरीला फोन लावला. मुलगी पुन्हा बारावीला बसतेय, अजून फारशी बोलत नाही, असं चाचा म्हणाले. फिनलंडच्या बाई आल्या होत्या, त्यांनी तुमची आठवण काढली, असं मी सांगितलं.

"खोलीत किती होते?" त्यांनी विचारलं.

दुखानहून आलेल्या बस आत वळत होत्या. माणसं उतरून ट्रकमधल्या खाटा ओढून काढत होती.

"चार," मी म्हटलं.

"मग माझ्या पोरीचं वर्ष वाया नाही गेलं, मॅडम," चाचा म्हणाले.