घटावरचा कवडसा

आमच्या मोताळ्याच्या आतेभावाइतका सूर्याच्या मागे लागलेला माणूस साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही, हे मी कुठंही सांगायला तयार आहे. रोप उजेडाकडे झुकतं, हे त्याला शाळेत कुणीतरी शिकवलं आणि तेव्हापासून त्याचं बूड जमिनीला टेकलं नाही. घरच्या कुंड्या सकाळ-दुपार फिरवायच्या, म्हणजे रोपं सरळ वाढतात. ते एक सोडा, लोकांच्याही फिरवायच्या. महाराष्ट्र नवानवा झाला होता तेव्हा हा मुलगी पाहायला गेला. मुलगी पोहे घेऊन आली तर पाट रिकामा, आणि नवरदेव ओसरीवर त्यांच्या डब्यातली तुळस फिरवतोय. "तिरपी होऊन राह्यली होती," एवढंच बोलला. मुलगी हसली म्हणून लग्न जमलं, नाहीतर बसला असता तसाच.

तीच आमची वहिनी. दोन मुलं तिच्या पोटातच गेली. तिसऱ्या खेपेला दिवस भरत आले असताना नवरात्र आलं. तिनं देवघरात घट बसवून भोवतीच्या मातीत गहू पेरला. अंकुर आले ते सगळे खिडकीकडे वाकलेले. घट वाकला, म्हणजे हेही मूल हाती लागत नाही, असं तिच्या मनानं घेतलं आणि तिनं अन्नच सोडलं.

"अवं, उजेड तिकडून येते म्हणून वाकले ते. मी फिरवून देतो ना."

"बसवलेला घट हलवत नाही. तुमी हात लावू नोका," म्हणून वहिनी रडायला लागली.

मग या माणसानं भिंतीवरचा आरसा काढला, अंगणात उभा राहिला आणि दारातून घटाच्या दुसऱ्या अंगावर ऊन टाकू लागला. सूर्य सरकला की कवडसा घसरायचा, की हा सरकायचा. शेजारीपाजारी बघायला जमले. मी सुटीला गेलेलो. जेवायला बोलवायला गेलो तर आरसाच माझ्या हातात दिला. "तू पकड बे. अन् हालू नोको." मला हलू नको म्हणणारा हा! चार घास कसेबसे गिळून लगेच परत.

दसऱ्याला गहू सरळ उभा होता. वहिनीनं तो खुडून त्याच्या टोपीत खोवला आणि पोटभर जेवली. मुलगी झाली, धडधाकट. बारशाला मी डिवचलं, "काय दादा, घट पावला म्हणायचा."

"मले काय ठाऊक बे," तो म्हणाला, "ते जेवत नोती."

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या नवरात्रात गेलो होतो. गहू खिडकीकडे वाकलेला. मला राहवेना, म्हटलं, "वहिनी, आरसा धरू का?"

"राहू द्या भाऊजी," ती म्हणाली. "मी जेवली."