पफ, झावळ्या आणि आमचा वरचा मजला

घरावर मजला चढवायला काढला की स्लॅबच्या आधी किस्से चढतात. निर्मळ गावातल्या आमच्या घरावर तर इतके चढले, की पाया कसा टिकला याचंच मला नवल वाटतं.

सूनबाई पूर्वा घरून ऑनलाइन गणित शिकवते. तिची अट साधी होती: वरचा मजला थंड हवा आणि शांत हवा. नाहीतर ती आणि आमचा मंदार विरारला फ्लॅट घेणार. थंडाव्याचं सोपं होतं. शांततेची अडचण म्हणजे आमची ही, कुंदा. ती ओट्यापाशी बोलली की केळीच्या वाडीच्या टोकाला ऐकू जातं. फ्लॅटचं कळल्यावर मात्र ती एवढंच म्हणाली, "जायचं तर जा." दोन दिवस धड जेवली नाही.

*

छपरासाठी ऊन अडवणारे पफ पॅनेल ठरले. मी कुंदाला सहज सांगितलं, उद्या सकाळी चाळीस पफ येतायत.

"बेकरीवाल्याला एवढे कशाला सांगितले? कामाला माणसं तीनच आहेत."

*

नंदाखाल गावच्या मेहुण्यांनी पफला नावं ठेवली. वर नारळाच्या झावळ्या टाका, आपले वाडवडील काय पॅनेल लावत होते, असं तासभर ऐकवलं. त्यांच्या हॉलमध्ये एसी इतका जोरात होता, की मला मध्येच शाल मागावी लागली.

*

आवाज अडवायला रॉकवूलच्या, म्हणजे दगडी लोकरीच्या, जाड लाद्या आणल्या. मिस्त्रीला बजावलं, साउंडप्रूफ माल आहे, जपून. संध्याकाळी बघतो तर त्याने एका लादीवर बादली ओतलेली!

"शेठ, फसवलं तुम्हाला," तो हळहळला. "सगलं पानी आत गेलं. कसलं प्रूफ?"

आमच्याकडच्या पावसात प्रूफचा अर्थ एकच असतो. त्याचं तरी काय चुकलं?

*

लाद्या बसल्या, खालून छत फळ्यांनी बंद झालं, मग चाचणी. मंदार आणि पूर्वा वर दार लावून बसली. कुंदाने खालून नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलायचं ठरलं.

ती छताकडे तोंड करून उभी राहिली. मग सगळा आवाज लावून म्हणाली, "पूर्वा, तुझ्या हातची वालाची उसळ माझ्याहून चांगली होते. जाऊ नकोस गं."

माझा मोबाइल वाजला. पूर्वा होती. "बाबा, आईंना सुरू करायला सांगा ना."

कुंदाने डोळे पुसले आणि फोन माझ्या हातातून घेतला.

"झालं माझं बोलून. पास झाल्या तुझ्या लाद्या."