उजवी बाजू

पनवेलच्या एका हॉस्पिटलात हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि टाके पिकल्यामुळे माझा मुक्काम वाढला. शेजारच्या खाटेवर कोन गावाकडचा एक चाळिशीचा माणूस दाखल झाला. अंगाने राकट, पण चादर सारखी छातीपर्यंत ओढलेली. भेटायला येईल त्याला सांगायचा, "हर्निया हाय."

दुपारी वॉर्ड निजल्यावर त्याने हळूच विचारलं, "तुमचा कंच्या बाजूला? दुखतं कसं? डॉक्टर काय काय नको बोलले?"

"उजव्या," म्हणत मी सगळं सांगितलं. तो पुटपुटत घोकत राहिला. मग म्हणाला, "माझा हर्निया नाय. कॅन्सर हाय."

त्याचं एक वृषण लग्नाआधीच काढलं होतं. आता उरलेल्यात गाठ निघाली होती. डॉक्टर नुसती गाठ काढून बाकीचं वाचवता येतं का बघणार होते. खात्री मात्र देत नव्हते.

ऑपरेशननंतर डॉक्टर खाटेशी वाकून म्हणाले, "गाठच काढली. बाकीचं ठेवलंय. पण तपासणीला येत राहायचं." तो भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडला.

"आता घरच्यांना खरं सांगा," मी म्हणालो.

"काय वाचलं ते सांगायचं, तर आधी काय गेलं ते पन सांगाया लागंल."

त्याला न्यायला भाऊबंद आले. त्याचे टाके डाव्या बाजूला होते. पण जिना उतरताना त्याने हात दाबून धरला होता उजव्या जांघेवर, अगदी मी धरायचो तसा.