डाव्या सीटवरची कॅप्टन

इचलकरंजीत आमच्या घरात एकच वाहन होतं, अण्णांची सायकल. सकाळी आठच्या पाळीला ती अण्णांबरोबर यंत्रमागावर जायची आणि रात्री आठनंतर परत यायची. आई घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. खोल्या दोन, माणसं पाच, पाणी दिवसाआड. मी कॉलेजला चालत जायचे, जाऊन-येऊन आठ किलोमीटर. सायकल कधी रिकामी नसायची, त्यामुळे ती शिकायचा प्रश्नच आला नाही. आईकडच्या आणि अण्णांकडच्या, दोन्ही घराण्यांत पहिली पदवी माझी. बी.एस्सी., फर्स्ट क्लास. हे मी आजही कुणी न विचारता सांगते.

एनसीसीतून एसएसबी, म्हणजे फौजेची ऑफिसर निवड, तिथून चेन्नईची अकादमी. पहिल्याच आठवड्यात एक फॉर्म भरायला दिला. पोहता येतं का? मी ‘नाही’ लिहिलं. घोड्यावर बसता येतं का? ‘नाही’. वाहन चालवता येतं का? तिथे पेन थांबलं. शेजारच्या कॅडेटचे वडील कर्नल होते. तिने माझ्या कागदावर नजर टाकली आणि हसून म्हणाली, “अरे, गाड़ी तो सबको आती है.”

मी ‘हो’ लिहिलं.

‘नाही’ लिहिणाऱ्या तिघी होत्या. त्यांना दर रविवारी सकाळी जीप शिकवली. त्या वेळात मी बूट पॉलिश केले. खोटं मी लिहिलं, त्याची जबाबदारी माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. पण ‘सबको’ म्हणजे कुणाला, हे मला तेव्हाही विचारायचं होतं आणि आजही विचारायचंय. बापाच्या स्कूटरवर आणि काकाच्या मारुतीवर हात साफ केलेली माणसं म्हणजे ‘सब’. आमच्यासारख्यांना त्यात कुणी कधी मोजलंच नव्हतं.

पुढे मला वाहतुकीची प्लॅटून मिळाली. पोस्टिंग अरुणाचलमध्ये. माझ्या हाताखाली बत्तीस गाड्या आणि मला त्यातली एकही चालवता येत नव्हती. बाहेरच्या माणसाला हे अशक्य वाटतं, म्हणून सांगते. फौजेत ऑफिसर गाडी चालवत नाही. तो ड्रायव्हरच्या डावीकडे बसतो. नकाशा, रेडिओ आणि जबाबदारी त्याची. स्टिअरिंग ड्रायव्हरचं, आणि ड्रायव्हर आपली जागा सहजासहजी कुणाला देत नाही. टायरचं प्रेशर, ब्रेक ऑइल, लॉगबुक, कागदावरचं सगळं मला तोंडपाठ होतं. चार वर्षांत मला कुणीही विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही.

माझ्या जिप्सीचा ड्रायव्हर नाईक दिवान सिंग. कुमाऊँचा, वय छत्तीस. बोलणं कमी. मी टॉर्च घेऊन बॉनेटमध्ये डोकावले की ते म्हणायचे, “मॅडम, इंजिन आपसे डरता है. मुझसे तो बिलकुल नहीं डरता.” शेवटचा ट्रक पार्कमध्ये लागेपर्यंत ते जेवत नसत.

दिवस ठरलेला असायचा. ०४३० ला गाड्यांची तपासणी, ०५३० ला बारा ट्रकचा काफिला रेशन घेऊन वर निघायचा. वरच्या पोस्टवर १०३० पर्यंत माल उतरायचा. १६०० पर्यंत सगळे खाली. माझी जिप्सी शेवटी, कुणी मागे राहू नये म्हणून.

त्या दिवशी उतरताना एका ट्रकच्या पंख्याचा पट्टा तुटला. तो दुरुस्त करून पुढे पाठवेपर्यंत काफिला बराच खाली गेला होता. त्या ट्रकच्या मागून आम्ही निघालो. जिप्सीत आम्ही दोघंच. १४२० ला दिवान सिंगांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, “मॅडम, छाती में कुछ अटक रहा है.” चेहरा ओला झाला होता. डावा हात त्यांना उचलता येईना.

एमआय रूम, म्हणजे फौजेचा दवाखाना, अकरा किलोमीटर खाली. रेडिओला डोंगर आडवा, नुसती खरखर. गाडीत पेट्रोल होतं, चावी होती, इंजिन उत्तम होतं.

मी त्यांना माझ्या जागेवर सरकवलं आणि उजव्या बाजूने चढले. आयुष्यात पहिल्यांदा. मग नुसती बसून राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“आपको नहीं आती?”

त्यात टोमणा नव्हता. नवल होतं. तेवढंच.

मग त्या माणसाने, छातीवर मूठ दाबून धरून, मला शिकवायला घेतलं. उजव्या पायाने ब्रेक. डावा पाय क्लचवर. “धीरे छोड़ो, मॅडम. धीरे.” तीन वेळा इंजिन बंद पडलं. चौथ्या वेळी गाडीने उडी मारली आणि दरीच्या दिशेने गेली. हँडब्रेक त्यांनी ओढला. कड दोन हातांवर होती.

“रहने दो,” ते म्हणाले. “आप भी जाओगी.”

मी चाकांना दगड लावले, त्यांच्या अंगावर माझा जाड पार्का कोट टाकला, रेडिओ सेट पाठीवर घेतला आणि खालच्या वळणाकडे पळाले. १४५२ ला काफिल्याच्या पहिल्या, लीड ट्रकचा आवाज लागला.

“टेल टू लीड, ओव्हर.”

“लीड, गो अहेड.”

“ड्रायव्हर कॅज्युअल्टी. हार्ट. तातडीने खाली न्यायचंय. ओव्हर.”

“गाडीची स्थिती? ओव्हर.”

“गाडी ठीक आहे. ओव्हर.”

“मग घेऊन या, मॅडम. ओव्हर.”

“चालवायला कुणी नाही. ओव्हर.”

 मग पलीकडचा सुभेदार म्हणाला, “आपण आहात ना? ओव्हर.”

“नेगेटिव्ह,” मी म्हणाले. “ओव्हर.”

१५३१ ला काफिल्यातला एक ट्रक वर आला. त्यातल्या दुसऱ्या ड्रायव्हरने जिप्सी घेतली. दिवान सिंग १५५० ला गेले, एमआय रूम तीन किलोमीटर उरली असताना. मी मागे त्यांचं डोकं धरून बसले होते. डॉक्टर म्हणाला, लवकर आणलं असतं तरी वाचले असते असं सांगता येत नाही. तो भला माणूस होता, म्हणून तसं म्हणाला.

चौकशी झाली. मला गाडी चालवता येत नाही आणि अकादमीत मी खोटं लिहिलं होतं, दोन्ही मी सांगितलं. समोरच्या मेजरने पेन खाली ठेवलं. ऑफिसरने गाडी चालवणं अपेक्षितच नाही, तेव्हा हे लिहायची गरज नाही, असं तो म्हणाला. अहवालात आलं ते असं: मृत्यू नैसर्गिक, ऑफिसरने उपलब्ध परिस्थितीत योग्य कार्यवाही केली. ‘योग्य’ हा शब्द वाचून माझ्या अंगाची आग झाली. शिक्षा मिळाली असती तर सोसली असती. त्यांनी मला सूट दिली आणि त्या माणसाची एकाहत्तर मिनिटं कागदावरून पुसून टाकली.

नोकरीचे उरलेले महिने मी डावीकडेच बसून काढले. नंतर लग्न झालं. २०१४ मध्ये मंदारबरोबर सिंगापूरला आले. त्याचं ऑफिस बुओना व्हिस्टाला, आमचा भाड्याचा फ्लॅट तिथून दहा मिनिटांवर. दुसऱ्या महिन्यात मी त्याला सांगितलं, मला लायसन्स काढायचंय. तो म्हणाला, “अगं, एमआरटीचं स्टेशन दारात आहे. इथे गाडी कोण घेतंय?” गाडी घ्यायची नाही, चालवायची आहे, एवढंच मी म्हणाले. दिवान सिंगांचं त्याला माहीत होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

बेसिक थिअरी पन्नासपैकी पन्नास. पुस्तकाची परीक्षा आम्हाला कधी जड गेली नाही. शिकवायला अंकल रहमान मिळाले, साठीचे, बारीक, मलय. तरुणपणी नॅशनल सर्व्हिसमध्ये, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत, तीन-टनी ट्रक चालवलेले. पहिल्या दिवशी गाडी आली तशी मी सरळ डावं दार उघडलं, बसले आणि पट्टा लावला. ते बाहेरच उभे. खिडकीतून वाकून म्हणाले, “राँग साइड लाह, मॅम. यू ड्राइव्ह, आय सिट.”

दुसऱ्या धड्याला त्यांनी ऑटोमॅटिकचा सल्ला दिला. इथे बहुतेक बायका तेच घेतात, परीक्षाही सोपी. “लेफ्ट लेग कॅन स्लीप,” ते म्हणाले. मी नाही म्हटलं. ऑटोमॅटिकचं लायसन्स मिळालं तर क्लचची गाडी चालवायची परवानगी मिळत नाही. मग मिळवलं काय? ती जिप्सी क्लचची होती.

पहिल्या परीक्षेत मी चढावर हरले. परीक्षेच्या सर्किटमध्ये एक छोटा चढ असतो, तिथे थांबून, मागे न घसरता पुन्हा निघायचं. मी क्लच सोडला, पाय थरथरला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे गेली. परीक्षकाने शांतपणे ब्रेक दाबला. तिथेच नापास. त्याची काही चूक नव्हती.

त्याच शनिवारी बुकित तिमाहला शिरीषकडे जेवण होतं. शिरीष म्हणजे मंदारचा पुण्याचा सीनियर, रॅफल्स प्लेसला बँकेत. चार-पाच मराठी घरं जमली होती. नापास झाल्याची बातमी मंदारच्या तोंडून निसटली. शिरीषला हसू आवरेना.

“कॅप्टनसाहेब, तुम्ही आपली तोफ चालवायची परीक्षा द्या. ती सोपी असेल.”

“मी तोफखान्यात नव्हते,” मी म्हणाले. “वाहतुकीत होते.”

मग तर सगळेच हसले. शिरीषच्या बायकोने समजुतीने सांगितलं, ऑटो घे गं, कशाला हट्ट. तिने लायसन्स अठराव्या वर्षी काढलं होतं, बाबांच्या फियाटवर. तिलाही वाटत होतं की गाडी सगळ्यांनाच येते, मीच तेवढी मठ्ठ. मी ताट खाली ठेवलं. एका चांगल्या ड्रायव्हरचा जीव गेलाय यात, असं म्हणाले.  वरण गरम करायला कुणीतरी आत गेलं. निघेपर्यंत शाळांच्या फीबद्दल बोलणं चाललं होतं.

पुढच्या धड्याला मी अंकलना तीन वाक्यांत सगळं सांगितलं.  “ओके,” ते म्हणाले. “नो मोअर ऑटो टॉक.” त्यांनी मला बुकित तिमाहच्या बाजूच्या एका शांत, चढाच्या गल्लीत नेलं. दीड तास आम्ही दुसरं काही केलं नाही. थांब, धर, सोड, नीघ. मी घाई केली की ते डॅशबोर्डवर एक बोट वाजवायचे. शेवटच्या अर्ध्या तासात त्यांचं बोट हललं नाही. त्या धड्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी वाद घातला, तर म्हणाले, “आर्मी टू आर्मी.”

दुसऱ्या परीक्षेचा परीक्षक वेगळा होता. ०९४० ला मी चढावर थांबले. डावा पाय या वेळीही थरथरला. मी तो थरथरू दिला आणि क्लच सावकाश सोडत राहिले. गाडी एक इंचही मागे गेली नाही. बाहेरच्या रस्त्यावर एका वळणाला मी फार वेळ थांबले, त्याचे गुण कापले गेले. परत आल्यावर परीक्षकाने कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाला, पास, पण ट्रॅफिकमध्ये इतकं घाबरू नका. पहिलं वर्ष काचेवर नारिंगी त्रिकोण लावावा लागतो, नवा ड्रायव्हर म्हणून. मंदारने विचारलं, लाज नाही ना वाटत? मी म्हटलं, मला लाज कशाची वाटते ते तुला माहीत आहे.

त्याच आठवड्यात मी दिवान सिंगांच्या बायकोला हिंदीत पत्र लिहिलं. त्या दिवशी गाडी चालू होती, रस्ता मोकळा होता, आणि शेजारी बसलेल्या ऑफिसरला गाडी चालवता येत नव्हती, कारण तिने येत असल्याचं खोटं लिहिलं होतं. तुमच्या नवऱ्याने त्या अवस्थेतही मला शिकवायचा प्रयत्न केला आणि शेवटी मला दरीत जाण्यापासून वाचवलं. अहवालात हे नाही, म्हणून मी कळवते आहे. माफी मागितली नाही. ती द्यायची वेळ त्यांच्यावर आणायची नव्हती. उत्तर आलं नाही.

नाईक दिवान सिंग, ड्रायव्हर. सोळा वर्षं सेवा, बहुतेक डोंगरातल्या रस्त्यांवर. त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही.

माझं लायसन्स क्लास थ्रीचं आहे, मॅन्युअल. मला गाडी चालवता येते.