माप घेऊ का?

हे बाहेर सांगायचं नाही, असं शालनबाईंनी बजावलं होतं. महाडला त्यांचा शिवणक्लास आहे. मला शिवण जमत नाही, म्हणून बाकीच्या शिवत असतात तेव्हा मी प्रेमाच्या कादंबऱ्या वाचून दाखवते. घरोघरी कळलं तर क्लासच बंद! पण मशिनखाली चिंध्या साठतात तसे किस्से साठलेत. किती दिवस लपवणार?

*

पहिल्याच कादंबरीत नायकानं नायिकेचा हात धरला. ती म्हणाली, "सोडा!" पुढं लिहिलं होतं, ‘पण तिचे डोळे होच म्हणत होते.’

दासगावच्या पार्वतीकाकू काजं करत होत्या. सुई तशीच धरून म्हणाल्या, "डोळं वाचतो मेला! कानात बोळे घातलान काय?"

*

शालनबाई नायकाच्या बाजूच्या. "अहो काकू, प्रेमात तेवढं चालतं."

"चालतं? मग तुमी टेप लावायच्या आधी ‘माप घेऊ का?’ कशाला इचारता?"

हे बाई खरंच प्रत्येकीला विचारतात, अगदी लहान मुलीलाही. गळ्यातली टेप चाचपून मला म्हणाल्या, "बेबी, यापुढं नायिका नको म्हणाली आणि तो थांबला नाही, की पुस्तक मिटायचं."

*

मग कादंबऱ्या अर्ध्यातच परत जाऊ लागल्या. वाचनालयातले काका म्हणाले, "शेवट आवडत नाही का गं तुम्हाला?"

एरवी मी कुणाशी बोलत नाही. पण निघून गेलं तोंडून, "तिथवर पोचतच नाही!"

*

एका नायकानं मात्र चक्क विचारलं, "हात धरला तर चालेल?" नायिका म्हणाली, "उद्या सांगते."

सगळ्या क्लासनं टाळ्या वाजवल्या. त्या भरात काकूंनी बाही गळ्याला जोडली!

*

पुढं माझ्या सुशाताईला पोलादपूरचं स्थळ आलं. तिला कॉलेज करायचं होतं. ती "नको" म्हणाली, तर आत्या हसली, "मुली आधी नकोच म्हणतात!" बाबांनी साखरपुडा ठरवला आणि ब्लाऊजचं लाल कापड घेऊन ताईला क्लासात आणलं.

शालनबाईंनी टेप उचलली. "सुशा, माप घेऊ का?"

"नको."

बाईंनी टेप परत गळ्यात अडकवली. कापडाची घडी घातली आणि बाबांच्या हातात ठेवली.

"अहो, लाजतेय ती! घ्या तुम्ही माप," बाबा म्हणाले.

एकेक मशिन थांबलं. काकू माझ्याकडं वळल्या, "पुस्तक मिट गो, बाये."

मी मिटलं. बाबांना काहीच कळेना. त्यांनी हातातल्या घडीकडं पाहिलं, बाईंच्या टेपकडं पाहिलं, ताईकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सुशे, खरंच नको?"

ताई आता कॉलेजात जाते. त्या कापडाचं पोलकं माझ्या अंगावर आहे. बाईंचे उपकार कसे फेडायचे, कळत नाही. आणि बाबा? तेव्हापासून ते आम्हाला काहीही सांगायच्या आधी... थांबा, दारात तेच आलेत.

"बेबी, निघायचं का गं? का बसतेस अजून?"